डावीकडची ओढ

रुस्तावीत, पोलाद कारखान्याच्या भिंतीला लागून
उशांगीचं गॅरेज. दोन खड्डे, एक दिवा.
सतराव्या वर्षी मी तिथे लागलो,
पाने पुसायला.

मार्चमध्ये त्सियालाची पांढरी झिगुली आली.
त्सियाला तिबिलिसीच्या सवाऱ्या मारते,
पहाटे पाचला, स्टेशनसमोरून, चौघं कोंबून.
इंजिनात खडखड. झाकण काढलं
तर शाफ्टचे उंचवटे झिजून सपाट,
म्हाताऱ्या दाढेसारखे.

नवा कॅमशाफ्ट उशांगीने स्वतः बसवला.
नट आवळायचे ते मधून बाहेर,
थोडे थोडे, फेरी फेरीने,
हे माझ्याकडून घोकून घेतलं.
तेवढ्यात फोन. पोलंडहून, मुलाचा.
कागद झाले म्हणे, आता तिकडेच.
उशांगी म्हणाला, बरं.
मग म्हणाला, जेवलास का?
आणि फोन खिशात टाकून
चेन चढवली चक्रावर.

एक दात.
छत्तीस-अडतीस दातांमधला एक.

गाडी सुरू झाली, पण शिंकत.
दुसऱ्या दिवशी त्सियाला परत:
चढावर ही माझ्या सासूसारखी थांबते,
आणि कार्बोरेटरमधून थुंकते.

उशांगीने क्रँक हाताने फिरवला.
खाली खूण रेघेवर अचूक.
वर चक्रावरचा ठिपका
आपल्या खुणेपासून दातभर लांब उभा,
भांडलेल्या शेजाऱ्यासारखा.
मी चूक अंगावर घ्यायच्या तयारीत होतो,
पोऱ्याचं ते कामच असतं.
तो म्हणाला, मी.
एवढंच. पैसे घेतले नाहीत.
त्सियालाने आंबट आलुबुखारांची बरणी ठेवली
आणि दोघंही बराच वेळ बरणीकडे पाहत राहिले.

तेव्हापासून चावी लावण्याआधी
इंजिन हाताने फिरवायचं, दोन पूर्ण फेरे.
काही आडवं आलं तर थांब, म्हणायचा,
जोर लावू नकोस.

त्याच आठवड्यात त्याच गाडीची
डावी पुढची भुजा मी उतरवली होती.
रबरं बदलली, परत चढवली.
चाकं बघितली सुताने: मागच्या टायरपासून पुढच्यापर्यंत
ताणलेला पांढरा दोरा, उशांगीचा एक डोळा मिटलेला.
ठीक, म्हणाला.
सुतावरून स्वर्ग गाठणारा माणूस तो,
पण सूत सांगतं चाक आत वळलंय की बाहेर.
कललंय किती, ते सूत सांगत नाही.

नोव्हेंबरमध्ये थंडी पडली,
मार्चनंतर पहिल्यांदा जाड कोट काढला.
खिशात नाणी असावीत असं वाटलं.
दोन पत्र्याच्या चकत्या. नखाएवढ्या जाड,
एकेका बोल्टमागची एकेक.

तोवर त्सियालाने गाडी विकली होती
अखलकलाकीच्या हायकाझ नावाच्या माणसाला.
फोन नंबर नाही. पत्ता म्हणजे, वर, डोंगरात.
उशांगीला दाखवल्या. त्याने तळहातावर
बराच वेळ धरल्या, तोलल्या,
आणि खिळ्यांच्या डब्यात टाकल्या.
ओरडला असता तर बरं झालं असतं.

इंजिनाची चूक इंजिन लगेच ओरडून सांगतं.
ही दुसरी मात्र
टायरची बाहेरची कड खात बसते, बिनआवाजाची,
आणि हळूहळू चालवणाऱ्याच्या मनगटात उतरते.

आता उशांगी नाही. दिवे चार झालेत,
चाकं बघायला यंत्र आलंय, हिरव्या आकड्यांचं.
डबा अजून तोच.
भिंतीवर त्याने लावलेला नकाशाही तोच,
पोलंडवर, डावीकडे वर,
ग्रीसच्या बोटाचा एक काळा ठसा.

आणि वर बर्फातल्या कुठल्याशा रस्त्यावर
हायकाझ स्टिअरिंग बोटभर उजवीकडे धरून
गाडी सरळ नेत असेल.
त्याला वाटत असेल
रस्ताच डावीकडे उतरता आहे.